सेलमची खिडकी

यात्रेचा दुसरा दिवस म्हणजे देवकरांच्या घरी मटणाचा दिवस. नऊ वाजताच परड्यातल्या चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं. मालनकाकी खोबरं भाजत होती, तिचा नवरा भाऊसो देवळाकडं गेला होता, आणि अश्लेषा सोप्यात चित्रांच्या ढिगात मांडी घालून बसली होती.

पत्र्याच्या तीन पेट्या उघड्या पडल्या होत्या. अठरा वर्षांची चित्रं, दिवसाला एक. त्यातली चाळीस निवडून तिला सांगलीला न्यायची होती. पुढच्या रविवारी तिथल्या एका वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन होतं आणि पत्रिकासुद्धा छापून झाल्या होत्या. ‘सेलमची खिडकी : उमा आप्पासो देवकर यांची चित्रे.’ अश्लेषा शिकवायची त्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना तिनं त्या वाटल्या होत्या. मुख्याध्यापकांना दोन.

“आई, हा बैल घेऊ का तो?”

उमा परातीत पीठ मळत होती. तिनं वळूनही बघितलं नाही. “कुटलाबी घे. बैलच हाय.”

“एकाची शिंगं निळी आहेत, एकाची लाल.”

“तवा तुज्या आबांनी तशी सांगितली आसतील.”

अश्लेषा पाचवीत होती तेव्हा हे सुरू झालं. त्या वर्षी आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, सेलमला एक मोबाइल घेतला आणि एक घरी पाठवला. रोज सकाळी सातला फोन यायचा. गुरांचं, पावसाचं, पोरीच्या अभ्यासाचं विचारून झालं की आई म्हणायची, “काय दिसतंय तिकडं?” मग आबा दुकानाच्या खिडकीतून जे दिसेल ते सांगायचे. धारा काढून, डेअरीला दूध घालून, भाकरी थापून झाल्या की दहाच्या सुमाराला आई गोठ्याच्या दारातल्या उजेडात बसायची, आणि सकाळी ऐकलेलं काढायची. पहिले रंग अश्लेषाच्याच पेटीतले उरलेसुरले. पुढं अश्लेषा सांगलीहून चांगले आणत गेली, तरी पाणी घ्यायची वाटी तीच राहिली.

सेलम आईनं कधी बघितलं नव्हतं. आधी आजीचं अंथरूण, मग गुरं, मग पोरीची दहावी. आणि ज्या वर्षी ह्यातलं काहीच आडवं आलं नाही त्या वर्षी आबाच म्हणाले, यंदा नको, उन्हाळा लय हाय. व्हिडिओ कॉल आला तेव्हा अश्लेषानं आईला तो कसा लावायचा ते शिकवलं, पण तिनं तो एकदाही लावला नाही. म्हणाली, “बोला नुसतं. तोंड दिसाय लागलं की बाकीचं दिसत न्हाई.”

त्यामुळं चित्रांतलं सेलम आईचंच होतं. तळं, तळ्यातली कमळं, गजरेवाली बाई, सायकलीवर बांधलेले केळीचे घड. प्रत्येक चित्राला खिडकीची निळी चौकट, आणि बऱ्याच चित्रांत चौकटीच्या कडेला पांढऱ्या सदऱ्यातला एक खांदा. तो आबांचा.

शेवटचं चित्र बावीस दिवसांपूर्वीचं होतं.

बावीस दिवसांपूर्वी आबा कायमचे घरी आले. तीस वर्षं ते तमिळनाडूतल्या सेलमला गलाईचं काम करत होते, म्हणजे जुनं सोनं वितळवून, गाळून, शुद्ध करून द्यायचं. विट्याच्या आसपास घरटी एक तरी माणूस ह्या कामापायी परमुलखात असतो. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं, धुरातलं काम आता बस. आबांनी दुकान आवरलं आणि विट्याच्या स्टँडवर दोन पिशव्या घेऊन उतरले. दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन वाजला नाही, कारण फोन करणारा माणूस समोर बसून चहा पीत होता.

“आई, दारात लावायला एक नवं चित्र काढशील ना? ताजं?”

“बगू,” उमा म्हणाली आणि परातीतलं पीठ पुन्हा पहिल्यापासून मळायला लागली.

*

आप्पासो विहिरीकडच्या वाफ्यात कोथिंबीर खुडत होता. दोन जुड्या हव्या होत्या, त्यानं सहा खुडल्या होत्या. घरात जायचं जिवावर आलं होतं.

बावीस दिवस तो बघत होता. रोज दहाला उमा गोठ्याच्या दारात कागद घेऊन बसायची, अगदी नेमानं. ब्रश ओला करायची. पाव तास, अर्धा तास कागदाकडं बघायची. मग ब्रश पदराला पुसून उठायची आणि वाटीतलं पाणी आळूला ओतायची. एकदा तिनं विहीर काढायला घेतली होती. दोन रेघा ओढून खोडून टाकली.

“विहीर का खोडलीस?” त्यानं विचारलं होतं.

“ती हितंच हाय की. तिला काय काढायचं?”

त्याच्या मनाला ते लागलं होतं. आपणही हितंच हाय की, असं त्याला वाटलं. चौथ्या दिवशी त्यानं लाल कण्हेरीची ओंजळभर फुलं आणून तिच्यापुढं ठेवली. तिनं त्यांचा हार करून देवाला घातला. आठव्या दिवशी मालननं मीठमोहऱ्यांनी उमाची दृष्ट काढली. पंधराव्या दिवशी त्यानं हसत हसत विचारलं, “मी परत जाऊ काय गं सेलमला?”

तीही हसली होती. पण ‘नको’ म्हणायला तिला क्षणभर उशीर झाला, असं त्याला वाटलं, आणि त्या क्षणावर तो आठवडाभर विचार करत होता.

आज तर वेगळीच धास्ती. भाऊसो आलाय. धाकटा भाऊ, मधली बारा वर्षं सेलमच्या त्याच दुकानात त्याच्याबरोबर. नंतर त्यानं बेळगावला स्वतःचं दुकान टाकलं. तोंडाचा फटकळ, पोटात काही राहत नाही. आणि सोप्यात तीन पेट्या उघड्या.

‘त्याला काय चित्रातलं कळतंय,’ असं मनाशी म्हणत आप्पासोनं सातवी जुडी खुडली.

*

मालनला नवऱ्याचं हसू दुरूनही ओळखू यायचं. एक असायचं पाहुण्यांसाठी, एक जेवणासाठी, आणि एक पोटातून यायचं, ते सुरू झालं की कुणाचं तरी काहीतरी उघडं पडायचं. सोप्यातून ते तिसरं आलं, तशी ती उलथनं हातात घेऊनच धावली.

भाऊसो कपाळाला गुलाल लावून चित्रांच्या मधोमध उकिडवा बसला होता.

“लय झ्याक काडलंय वैनींनी. खरं सांगतो. पर हे गाव कुटलं?”

“सेलम, काका,” अश्लेषा म्हणाली.

“कुटलं सेलम?”

“तुमचं सेलम. दुकानाच्या खिडकीतून दिसतं ते.”

“दुकानाची खिडकी!” भाऊसोनं मांडीवर थाप मारली. “आगं पोरी, जिन्याखालचं दुकान ते! चार माणसं बसली तर पाचवा भाईर. दारातनं आत याला वाकाय लागायचं. बारा वर्सं मी तिथं काडली, मला एक कवडसा दिसला न्हाई. खिडकी म्हणं!”

मालननं डोळ्यांनी खुणावलं. तिला दारात उभी राहिलेली उमा दिसली होती, भाऊसोला दिसली नव्हती.

“आन तळं? तळं कुटनं आलं? समोर भित हुती, भिताडाला मोरी हुती. त्येला तळं म्हणायचं आसंल तर...”

“आवं, गप बसा की जरा!” मालन ओरडली.

तेवढ्यात आप्पासो कोथिंबिरीचा भारा घेऊन पायरी चढला. सगळी त्याच्याकडं बघत होती. त्यानं भावाकडं बघितलं, चित्रांकडं बघितलं आणि मग बायकोकडं बघायचं राहूनच गेलं.

“जिन्याखाली?” उमानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

“आगं...”

“यवढी कोतमीर कशाला आणली?” ती म्हणाली, भारा त्याच्या हातातून घेतला आणि आत गेली.

*

जेवणं झाली. उमानं सगळ्यांना वाढलं, आप्पासोला तर आग्रह करकरून वाढलं, एखाद्या परक्या गावच्या पाहुण्याला वाढावं तसं. “घ्या. आनखी घ्या. संकोच करू नगा.”

पुरुष उठल्यावर बायकांची पंगत बसली आणि बोलणी सुरू झाली. मालन पूर्णपणे जावेच्या बाजूला होती. “आठरा वर्सं, आक्का! आठरा वर्सं रोज सकाळी उटून खोटं बोलायचं म्हंजी काय?”

“मालन, मीठ दे.”

“मी आसती तर ताटच न्हेऊन इहिरीत टाकलं आसतं.”

भाऊसो दारातून म्हणाला, “वैनी, चूक माजी हाय. मी बोलाय नगं हुतं.”

“नगंच हुतं!” मालन त्याच्यावर उलटली. “दादांनी सुखासाटी चार गोडं सांगितलं आसंल. तुमाला काय पडलं हुतं? आन तुमी बेळगावातनं मला काय काय सांगताय ते मी कुणाला इचारू? रोज डबा आवडला म्हणताय, ती खानावळवाली खरंच म्हातारी हाय का?”

भाऊसो मुकाट्यानं परड्यात गेला. तिथं आप्पासो लिंबाखाली बसला होता. दोघं भाऊ एकमेकांकडं न बघता सुपारी कातरत बसले.

अश्लेषाच्या डोक्यात मात्र पत्रिका फिरत होती. आबांवर तिला राग आला होता, आणि आपल्याला आईपेक्षा पत्रिकेची काळजी जास्त वाटते ह्याचाही. शेवटी तिनं विचारलंच. “आई, रद्द करू का प्रदर्शन? मी फोन करते. काहीतरी कारण सांगू.”

“का म्हणून?”

“म्हणजे... खिडकीच नव्हती ना.”

उमानं हात धुतले, पदराला पुसले. “खिडकी नव्हती का तळं नव्हतं, ते तुजं आबा बगून घितील. चित्रं मी काडल्यात. रोजच्या रोज काडल्यात. ताप आला तवाबी काडल्यात. ती काय खोटी हायती व्हय?”

“तसं नाही गं.”

“मग चाळीस निवड. आन तो लाल शिंगाचाच घे, निळ्याच्या पायात चुकलंय माजं.”

एवढं बोलून ती गोठ्याकडं निघून गेली. अश्लेषाला वाटलं, आई रागावलेली नाही. मग बघितलं तर ती गोठ्याच्या दारात तिच्या रोजच्या जागी बसली होती, पण कागद घेतला नव्हता.

*

आप्पासो आला आणि तिच्यापासून हातभर लांब उंबऱ्यावर टेकला. म्हैस रवंथ करत होती. दोघं तिच्याकडंच बघत होती.

“पयला फोन केला त्या दिवशी,” तो म्हणाला, “तू इचारलंस, काय दिसतंय. म्होरं भित हुती गं. धुरानं काळी झालेली. आता भित दिसतीया म्हणून काय सांगू? भितीवर एका सराफानं दिल्यालं कॅलेंडर हुतं. त्यात तळं हुतं. ते सांगितलं.”

“कॅलेंडरातलं तळं!”

“एकाच दिसापुरतं सांगितलं हुतं. तर दुसऱ्या दिशी तू म्हणालीस, म्या त्येचं चित्र काडलं. आन तुजा आवाज यवढा... तसा आवाज मी लगीन झाल्यापास्नं ऐकला नव्हता. मग म्हटलं, आता हिला उद्या कायतरी द्याय पायजे.”

उमाला तो दिवस आठवत होता. पोरीच्या पेटीत फक्त हिरवा आणि जांभळा शिल्लक होता, म्हणून तळं हिरवं झालं होतं.

“म्हयनाभर कॅलेंडरावर भागलं. बारा पानं ती किती पुरणार? मग मी साडेचाराला उटाय लागलो. आंगुळ करून भाईर पडायचं आन कायतरी गावंस्तवर चालायचं. फुलबाजार दीड कोसावर हुता. गजरेवाली तिथं बसायची. बैल हुता तो तेलाच्या घाण्याचा. केळीवाला तर पार स्टेशनाजवळचा. बगायचं, धेनात ठेवायचं आन सातच्या आत दुकानात यायचं. भाऊ म्हणायचा, दादाला सकाळी फिरायचं खूळ लागलंय. खिडकी नव्हती, उमे. पर बाई हुती. बैलबी हुता.”

“रोज?”

“रोज. एकदा पाय मुरगळला हुता तवा चार दिवस मनानंच सांगितलं. मोर सांगितला बग, तो.”

“त्यो मला तवाच खोटा वाटला हुता,” उमा म्हणाली. “पर चांगला आला.”

त्याला हसायचं होतं, पण तिचा चेहरा बघून तो थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“खोटं सांगितलं ह्येचं न्हाई मला वाईट वाटत. मी तुमास्नी त्या खिडकीत बशिवलं हुतं. वारं येतंय, समोर तळं हाय, आन तुमी चा पिताय. हितं धारा काडताना, भांगलताना मी मनात म्हणायची, आपलं काय आसंल ते आसंल, त्यो मानूस तिकडं खिडकीत हाय. आन तुमी जिन्याखाली. धुरात.” तिनं पदरानं नाक पुसलं. “तुमी तिथं कसं हुता ते मला ठावंच न्हाई. आठरा वर्सं चित्रं काडून ठावं न्हाई.”

“त्यात ठावं करून घ्यायसारखं काय न्हाई,” आप्पासो म्हणाला. “मूस, भट्टी, कोळसा. सोनं टाकायचं, वितळवायचं, काडायचं.”

“वितळताना कसं दिसतं?”

“कसं म्हंजी? सोन्यावानी.”

“पिवळं?”

“न्हाई, पिवळं कुटलं. तवा पिवळं नसतं.”

“मग कसं?”

तो थांबला. तीस वर्षं तो रोज जे बघत होता त्याला नाव देण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. दुकानातल्या कुणी विचारलं नव्हतं, कारण ते सगळे तेच बघत होते. “हिरवट,” तो शेवटी म्हणाला. “न्हाई, हिरवं बी न्हाई. सांगता याचं न्हाई ते.”

उमा त्याच्याकडं वळली. “तळं सांगता आलं तुमाला. मोर सांगता आला, नसल्याला. आन हे सांगता येत न्हाई?”

“दाखीवता येतंय,” आप्पासो म्हणाला.

*

कानातल्या फुलांतलं एक फूल उमाच्या डब्यात पडून होतं, जोडीतलं दुसरं कधीच हरवलं होतं. ते तिनं आणून दिलं. आप्पासोनं सेलमहून आणलेली पिशवी सोडली. सोनं वितळवायची मूस निघाली, लांब सांडशी निघाली, सोन्यातला मळ काढणाऱ्या सवागीची पुडी निघाली, गॅसचा छोटा बर्नर निघाला. “डाक्टरनं काय सांगितलंय?” मालननं विचारलं. “एकच डाव,” तो म्हणाला, “आन तोंडाला फडकं बांधतो.” उमानं स्वतः ते त्याच्या तोंडाला घट्ट बांधलं.

भांडण असलं तरी भाऊसोला बोलवावं लागलं नाही. धान्याच्या खोलीत दोन विटा मांडून झाल्या तेव्हा तो मूस धरून तयार होता. अश्लेषा दाराशी उभी राहून बघत होती. आबा आणि काका एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते, पण आबांनी हात पुढं केला की त्यात हवी ती वस्तू येत होती. सकाळपासूनचा अबोला असा कामातच कुठंतरी मिटला.

“ते झरोकं बंद कर, भाऊ,” आप्पासो म्हणाला. “दार बी लोटा. उजेड आला की रंग कळत न्हाई. गलाईला अंधारच लागतो.”

भाऊसोनं झरोक्यात पोती कोंबली. दार लोटलं. खोलीत ज्वारीचा वास आणि बर्नरची निळी ज्योत तेवढी राहिली.

आधी काहीच नव्हतं. मूस काळी, मग तांबडी, मग नारिंगी झाली. फूल तसंच होतं, त्याच्या पाकळ्या दिसत होत्या.

“आता खालनं बसाय लागंल,” भाऊसो कुजबुजला, जणू त्यानंही हे कधी बघितलं नव्हतं.

एक पाकळी वाकली. मग दुसरी. मग सगळं फूल एकदम दमल्यासारखं खाली बसलं आणि त्याचा एक थेंब झाला. आप्पासोनं ज्योत जवळ आणली. थेंबावरून दुधावरच्या सायीसारखं काहीतरी सरकत होतं, फिरत होतं. ते बाजूला झालं आणि खालून रंग वर आला.

अश्लेषाच्या तोंडून आवाज निघाला. मालननं तिचा दंड धरला.

उमा गुडघ्यांवर बसली होती, मुशीच्या अगदी जवळ. तिच्या चेहऱ्यावर तो उजेड पडला होता. आप्पासोची नजर मुशीवर असायला हवी होती, पण तो तिच्याकडं बघत होता.

“दादा, हात,” भाऊसो म्हणाला. आप्पासोनं ज्योत सरळ केली.

“आता बंद करतो,” तो म्हणाला. “पापणी हलवू नगंस. ते इझतंय असं वाटंल. पर जाता जाता एकदा डोळा उगडतं. एकदाच.”

त्यानं बर्नर बंद केला. थेंब मंद झाला, अंधारात जवळजवळ दिसेनासा झाला. आणि मग, सगळं संपलं असं वाटत असताना, तो थेंब आतून लखकन उजळला, आधीपेक्षाही जास्त. तेवढ्यात विझला. मुशीत एक लहानसा पिवळा मणी उरला होता.

मालन आधी बोलली. “आगं आई.”

“हे रोज?” उमानं विचारलं.

“रोज. कवा कवा धा धा डाव.”

“आन तुमी मला केळीवाला सांगत बसला!” ती उठली. गुडघ्यांना ज्वारीचे दाणे चिकटले होते, ते झटकायचंही तिला सुचलं नाही. “खिडकी कशाला पायजे हुती मग? आँ? ह्ये सोडून तळं सांगत बसला मला!”

“आगं, काम हुतं ते,” आप्पासो म्हणाला, फडक्यातून. “कामाचं काय सांगायचं?”

पण ती ऐकायला थांबलीच नव्हती.

*

चार वाजले होते, म्हणजे तिची वेळ कधीच टळून गेली होती. तरी गोठ्याच्या दारात ऊन होतं. अश्लेषानं कागद आणून दिला, वाटीत पाणी आणून दिलं आणि मागं सरकली. देवळाकडून हलगीचा आवाज येत होता, कुस्त्या सुरू झाल्या असाव्यात. भाऊसोला जायचं होतं, पण मालन म्हणाली बसा, तसा तो बसला.

उमानं कागदाच्या कडेला निळी चौकट काढली नाही. तिनं आधी सगळा कागद ओला केला आणि काळा रंग सोडला, मधे पैशाएवढी जागा ठेवून. अश्लेषानं तिला असं काम करताना कधी बघितलं नव्हतं. तिचा हात नेहमी हळू चालायचा, सांगितलेलं आठवत आठवत. आज तो थांबत नव्हता. काळ्याच्या आत तांबडा आला, तांबड्याच्या आत नारिंगी. काळ्यात, उजवीकडं, दोन हात उमटले. एक सांडशी धरलेला, एक बर्नर. आणि हातांच्या वर एक चेहरा, अर्धा फडक्यात. अठरा वर्षांत पहिल्यांदाच आबांचा खांदा सोडून बाकीचं चित्रात आलं होतं.

“आई,” अश्लेषा हळूच म्हणाली, “मग प्रदर्शनाचं नाव? पत्रिकेत...”

“नाव ऱ्हाऊ दे तेच. हे दारात लाव. आत शिरायच्या आधी लोकांनी बगू दे, कुटं बसून सांगितलं ते.”

आप्पासो तिच्या मागं उभा होता. इतकी वर्षं तो फक्त सांगत आला होता. सांगितलेल्याचं चित्र होताना बघायची ही पहिलीच वेळ. तिनं मधल्या पांढऱ्या जागेत पिवळा घेतला, त्यात हिरव्याचं टोक बुडवलं.

“हिरवं जास्त झालं,” तो म्हणाला.

तिनं ब्रश धुतला, पुन्हा बुडवला.

“आता कमी झालं. जरा पांढरं पायजे. न्हाई, पांढरं न्हाई, ते आपलं... आगं, कडंला नगं, मदी. मदी उजाळतं ते. कडंला तर...”

“आवं, गप बसा वो जरा,” उमा म्हणाली. मान वळवली नाही, ब्रश थांबवला नाही. “या खेपंला मी सोता बगितलंय.”